एक इंजेक्शन, तीन हार्मोन: 'रिसर्च पेप्टाइड'च्या कुपीत नेमकं काय असतं?

इन्स्टाग्रामवर रील स्क्रोल करताना हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. जिममध्ये उभा असलेला पिळदार दंडांचा एक तरुण हातात काचेची छोटीशी कुपी धरून सांगतोय, "ओझेम्पिक जुनं झालं. आता रेटा." कुपीच्या तळाशी पांढऱ्या पावडरची चकती आहे. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलंय, 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. माणसांच्या वापरासाठी नाही.' आणि खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न, "भावा, कुठे मिळेल?"

हा 'रेटा' म्हणजे रेटाट्रुटाइड. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीने तयार केलेला रेणू. २०२५ संपेपर्यंत जगातल्या कुठल्याही देशाने त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नव्हती. तरीही त्याच नावाच्या कुप्या इंटरनेटवर विकल्या जातात आणि लोक त्या घरी टोचून घेतात.

मग प्रश्न पडतो, हा रेणू चांगला आहे की वाईट? गंमत अशी की रेणू खरंच कमालीचा आहे. त्यामागचं विज्ञान पन्नास-साठ वर्षांच्या मेहनतीतून उभं राहिलंय. पण त्या विज्ञानाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे तोल. आणि रीलमधल्या कुपीत नेमकी त्याचीच खात्री नसते.

हे सगळं काय प्रकरण आहे, ते सुरुवातीपासून समजून घेऊ.

एवढी चर्चा कशामुळे?

आधी आकडे बघू.

सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोवीमधलं औषध, एका हार्मोनची नक्कल करतं. त्याच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्के कमी झालं.

टिर्झेपाटाइड, म्हणजे मौंजारोमधलं औषध, दोन हार्मोनची नक्कल करतं. त्याच्या सगळ्यात मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत वजन सरासरी २१ टक्के घटलं.

रेटाट्रुटाइड तीन हार्मोनची नक्कल करतं. २०२३ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निकाल आले. ३३८ जणांच्या त्या चाचणीत सगळ्यात मोठ्या डोसवर ४८ आठवड्यांतच वजन सरासरी २४ टक्के कमी झालं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने गुडघ्याची संधिवाताची दुखणी असलेल्या लठ्ठ लोकांवरच्या चाचणीचे निकाल जाहीर केले. त्यात ६८ आठवड्यांत जवळपास २९ टक्के घट दिसली.

म्हणजे १०० किलोचा माणूस ७१ किलोवर. एवढी घट आजवर पोटाच्या शस्त्रक्रियेनेच होत असे.

या चाचण्या वेगवेगळ्या लोकांवर, वेगवेगळ्या वेळी झाल्या आहेत, त्यामुळे आकडे शेजारी शेजारी ठेवून थेट तुलना करणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. पण एक, दोन, तीन अशी चढती भाजणी कुणाच्याही नजरेत भरते. सोशल मीडियावर 'रेटा'ची हवा झाली ती इथूनच.

साखर प्यायली तर वेगळं, टोचली तर वेगळं

आता थोडं मागे जाऊ.

१९६४ मध्ये संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना ग्लुकोज प्यायला दिलं आणि नंतर शिरेतून दिलं. दोन्ही वेळा रक्तात इन्सुलिन किती तयार होतं ते मोजलं. अंदाज असा की साखर तीच, तर इन्सुलिनही तेवढंच. पण तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजला शरीराने कितीतरी जास्त इन्सुलिन सोडलं.

याचा अर्थ काय? अन्न आतड्यात पोचताच आतडंच स्वादुपिंडाला निरोप धाडतं, "साखर येतेय, तयारीला लाग." हा निरोप म्हणजे हार्मोन. अशा हार्मोनना इन्क्रेटिन म्हणतात.

यातली दोन महत्त्वाची. एक जीआयपी, जे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं गेलं. दुसरं जीएलपी-१, जे १९८० च्या दशकात सापडलं. त्याचा माग लागला तो एका समुद्री माशामुळे. बोस्टनमध्ये जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेत अँगलरफिश नावाच्या माशाच्या स्वादुपिंडातलं ग्लुकॅगॉन या हार्मोनचं जनुक वाचलं जात होतं. लक्षात आलं की त्या एकाच जनुकात ग्लुकॅगॉनसारखा दिसणारा आणखी एक तुकडा आहे. पुढे सस्तन प्राण्यांमध्येही तसंच दिसलं. त्या तुकड्यातला नेमका कामाचा भाग कोणता हे ओळखण्यात स्वेतलाना मोइसोव्ह या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा होता. अनेक वर्षं त्यांचं नाव मागेच राहिलं. २०२४ मध्ये हॅबनर, मोइसोव्ह आणि नोवो नॉर्डिस्क कंपनीच्या लोटे ब्येरे क्नुडसेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

जीएलपी-१ चं काम तिहेरी आहे. रक्तात साखर वाढली असेल तेव्हाच ते इन्सुलिन वाढवतं. पोटातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं. आणि मेंदूला सांगतं, "पोट भरलं, आता बास."

दोन मिनिटांचं आयुष्य आणि एका सरड्याची लाळ

मग हेच हार्मोन टोचलं की झालं, असं तुम्ही म्हणाल. अडचण अशी होती की शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं संपतं. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याची शेपटी, खरं तर डोक्याकडचे दोन मणी, कापून टाकतं. दिवसभर सलाइन लावून ठेवल्याशिवाय उपयोग नाही.

वाट सापडली ती हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत. हा सरडा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत आढळतो. न्यूयॉर्कमधले डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात एक्सेंडिन-४ नावाचं पेप्टाइड सापडलं. ते जीएलपी-१ सारखंच काम करत होतं, पण लवकर तुटत नव्हतं. त्यावरून बनलेल्या एक्सेनाटाइडला २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्यता मिळाली.

नंतरच्या औषधांनी दोन युक्त्या वापरल्या. पहिली, जिथे कात्री चालते तिथला अमिनो आम्लाचा मणी बदलायचा. दुसरी, पेप्टाइडला स्निग्धाम्लाची एक लांब शेपूट जोडायची. ही शेपूट रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, त्यामुळे औषध हळूहळू वापरलं जातं. दोन मिनिटांचं काम पाच-सहा दिवसांवर गेलं. म्हणून ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदाच घ्यावी लागतात.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे. हे औषध एकदा शरीरात गेलं की परत काढता येत नाही. डोस चुकला तर परिणाम एका रात्रीत ओसरत नाही, कित्येक दिवस भोगावा लागतो.

एक किल्ली, तीन कुलपं

हार्मोन म्हणजे किल्ली आणि पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे कुलूप, हे आपण शाळेत शिकलोय. साधारणपणे एक किल्ली एकच कुलूप उघडते. पण जीएलपी-१, जीआयपी आणि ग्लुकॅगॉन ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. त्यांची अमिनो आम्लांची रचना बरीच मिळतीजुळती आहे. त्यामुळे तिघांचे दाते एकाच किल्लीवर कोरता येतील का, असा विचार पुढे आला.

या कामात दोन नावं मोठी आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड डीमार्की आणि चयापचयाचे अभ्यासक मथियास चोप. २००९ मध्ये त्यांच्या गटाने जीएलपी-१ आणि ग्लुकॅगॉन अशी दोन्ही कुलपं उघडणारा रेणू उंदरांवर वापरून दाखवला. २०१३ मध्ये जीएलपी-१ आणि जीआयपीची जोडी आली. पुढच्या एक-दोन वर्षांत तिन्ही कुलपं उघडणारा रेणूही त्यांनी प्राण्यांमध्ये तपासून प्रसिद्ध केला.

यातली ग्लुकॅगॉनची निवड ऐकून डॉक्टरांच्याही भुवया उंचावल्या असतील. कारण ग्लुकॅगॉन रक्तातली साखर वाढवतं. मधुमेहींची साखर फार खाली गेली तर शुद्धीवर आणायला ग्लुकॅगॉनचंच इंजेक्शन देतात. मग साखर वाढवणारं हार्मोन वजनाच्या औषधात कशाला?

कारण ग्लुकॅगॉन आणखीही काही करतं. ते यकृताला साठवलेली चरबी जाळायला लावतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढवतं. म्हणजे जीएलपी-१ आवक कमी करतं आणि ग्लुकॅगॉन खर्च वाढवतं. साखर वाढण्याचा जो धोका असतो, तो जीएलपी-१ आणि जीआयपी यांच्या इन्सुलिन वाढवण्याने झाकला जातो. रेटाट्रुटाइडच्या चाचणीत यकृतावर चरबी असलेल्या लोकांचा वेगळा अभ्यास झाला. सगळ्यात मोठ्या डोसवर २४ आठवड्यांत यकृतातली चरबी सरासरी ८२ टक्के कमी झाली होती.

आता यातली मेख बघा. गाडीला ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही एकाच वेळी दाबलेले आहेत, आणि गाडी नीट चालते ती दोन्हींचा दाब अचूक आहे म्हणून. रेटाट्रुटाइड जीआयपीच्या कुलपावर नैसर्गिक हार्मोनपेक्षा जवळपास नऊ पट प्रभावी आहे, पण जीएलपी-१ आणि ग्लुकॅगॉनच्या कुलपांवर नैसर्गिकपेक्षा कमी. हे प्रमाण कित्येक रेणू बनवून, तपासून, बाद करून ठरवलेलं आहे. ३९ मण्यांच्या या माळेतला एखादा मणी बदलला तर एखाद्या कुलपावरची पकड सैल होऊ शकते, किंवा घट्ट.

शास्त्रज्ञांनाही यातलं सगळं उलगडलंय असं नाही. टिर्झेपाटाइड जीआयपीचं कुलूप उघडून वजन कमी करतं. ॲमजेन कंपनीचा मॅरिटाइड नावाचा रेणू तेच कुलूप बंद करून, सोबत जीएलपी-१ चं उघडून, वजन कमी करतो. दोन्ही उलट गोष्टींनी परिणाम एकच कसा येतो, यावर अजून वाद सुरू आहे.

प्रयोगशाळेत हे पेप्टाइड कशासाठी लागतं?

असे वाद सोडवायलाच 'संशोधनासाठी' पेप्टाइड लागतात. हा धंदा मुळात खोटा नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा अशी पेप्टाइड रीतसर विकत घेतात.

पहिली पायरी पेशींची. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर माणसाचा एकेक रिसेप्टर बसवतात आणि पेप्टाइडचे कमी-जास्त प्रमाणातले थेंब घालून कुलूप किती उघडतं ते मोजतात.

दुसरी पायरी उंदरांची. त्यांना भरपूर चरबीचं खाणं देऊन लठ्ठ करतात आणि मग औषध देऊन वजन, खाणं, साखर, यकृतातली चरबी पाहतात. आपल्याकडे प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते.

पण उंदीर म्हणजे माणूस नाही. एक साधी गोष्ट सांगतो. या औषधांचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे मळमळ आणि उलटी. आणि उंदराला उलटी होतच नाही! त्याच्या शरीराची रचनाच तशी नाही. मग त्याला मळमळतंय की नाही हे कसं कळणार? संशोधक पिंजऱ्यात पांढऱ्या मातीच्या गोळ्या ठेवतात. अस्वस्थ वाटलं की घुशीएवढे मोठे उंदीर माती खातात, त्यावरून अंदाज बांधायचा.

उंदराचं हृदय मिनिटाला पाच-सहाशे वेळा धडधडतं, आपलं सत्तर-ऐंशी वेळा. रेटाट्रुटाइडने माणसांच्या हृदयाची गती वाढते, ही वाढ डोसनुसार बदलते, २४ व्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि मग कमी होते, हे माणसांवरच्या चाचणीतच स्पष्ट झालं. डिसेंबर २०२५ च्या निकालांत आणखी एक गोष्ट समोर आली. सगळ्यात मोठ्या डोसवरच्या साधारण पाचातल्या एकाला त्वचेवर विचित्र संवेदना जाणवल्या. स्पर्श नकोसा वाटणं, झिणझिण्या, असं काहीसं. रीलमध्ये याचा उल्लेख ऐकलाय का कधी?

३९ मण्यांची माळ

आता कुपीकडे येऊ. हे पेप्टाइड बनतं कसं?

ब्रूस मेरिफिल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एक पद्धत काढली. प्लॅस्टिकसारख्या बारीक मण्यांवर पहिलं अमिनो आम्ल पक्कं बसवायचं आणि मग एकेक आम्ल जोडत माळ वाढवायची. प्रत्येक वेळी उरलेलं धुऊन टाकायचं. या कामासाठी त्यांना १९८४ मध्ये नोबेल मिळालं. आजही बहुतेक कृत्रिम पेप्टाइड याच तत्त्वावर बनतात.

पण इथे एक गणित आहे. ३९ आम्लांच्या माळेसाठी ३८ जोड लागतात. समजा प्रत्येक जोड ९९ टक्के वेळा बरोबर बसला. ऐकायला भारी वाटतं. पण ०.९९ ला स्वतःनेच ३८ वेळा गुणत गेलं की उत्तर येतं सुमारे ०.६८. म्हणजे १०० पैकी ६८ माळाच पूर्ण बरोबर. उरलेल्या ३२ मध्ये कुठे एखादा मणी गळालेला, कुठे जोड चुकलेला.

म्हणून खरी मेहनत असते ती शुद्धीकरणात. चुकीच्या माळा दिसायला जवळपास सारख्याच असतात, त्यांना वेगळं काढायला महागडी यंत्रं आणि वेळ लागतो. औषध कंपनीला प्रत्येक अशुद्धी कोणती आणि किती, हे औषध नियामकाला दाखवावं लागतं. कारण अशा चुकीच्या माळा शरीराला परक्या वाटू शकतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात.

'९९ टक्के शुद्ध' म्हणजे नक्की काय?

विक्रेते हमखास एक प्रमाणपत्र दाखवतात. त्यावर एक आलेख आणि खाली '९९ टक्के शुद्ध'. हे प्रमाणपत्र खरं आहे असं क्षणभर धरून चालू. तरी त्यातून काय कळत नाही, ते बघा.

पहिलं, ते निर्जंतुकतेबद्दल काही सांगत नाही. पेप्टाइड शुद्ध असूनही कुपीत जिवाणू असू शकतात. पेशींवर किंवा चाचणीनळीत वापरायच्या मालाला इंजेक्शनइतकी निर्जंतुकता लागत नाही, म्हणून ती तपासलेली असेलच असं नाही.

दुसरं, एंडोटॉक्सिन. हे मेलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे असतात. जिवाणू मेले तरी हे उरतात आणि साध्या उकळण्याने जात नाहीत. रक्तात गेले तर थंडी वाजून ताप येतो, जास्त प्रमाणात असतील तर रक्तदाब कोसळू शकतो. इंजेक्शनच्या प्रत्येक औषधाला याची मर्यादा ठरवून दिलेली असते.

तिसरं, कुपीत किती माल आहे. '१० मिलिग्रॅम' लिहिलेल्या पावडरीत पेप्टाइडबरोबर क्षार आणि ओलावाही असतो. टक्केवारी सांगते की जेवढं पेप्टाइड आहे त्यातलं किती बरोबर आहे. एकूण किती आहे, ते वेगळ्या तपासणीतून कळतं.

आणि चौथं, ते प्रमाणपत्र तुमच्या हातातल्याच कुपीचं आहे हे कशावरून?

'फक्त संशोधनासाठी' हे लेबल म्हणजे नम्रपणे दिलेली सूचना नव्हे. "हा माल माणसाला टोचण्याच्या कसोटीवर तपासलेला नाही," हे विक्रेत्याने स्वतःच लिहून दिलेलं आहे. काही झालं तर हात वर करण्याची सोयही त्यातच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा काही विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवली. लेबलवर संशोधन लिहायचं आणि जाहिरात वजन कमी करण्याची करायची, ही पळवाट चालणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

डोसचा घोळ

समजा, कुपीतला माल अगदी अस्सल निघाला. तरी एक प्रश्न उरतोच.

तयार औषधाच्या पेनमध्ये डोस ठरलेला असतो. पावडरीत मात्र पाणी स्वतः मिसळायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने ओढायचं. सिरिंजवर खुणा असतात युनिटच्या, आणि औषध मोजायचं मिलिग्रॅममध्ये. एकाने जेवढं पाणी घातलं त्याच्या दुप्पट दुसऱ्याने घातलं, तर त्याच खुणेपर्यंत ओढलेल्या औषधात निम्मा फरक पडतो. रीलमधल्याचे 'इतके युनिट' तुमच्यासाठी दुप्पट डोस ठरू शकतात.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुपीतून मिळणाऱ्या सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. काही लोकांनी ठरलेल्या डोसच्या पाच ते वीस पट औषध घेतलं होतं आणि काहींना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

चाचणीतही डोस एकदम दिला नव्हता. छोट्या डोसने सुरुवात करून आठवड्यांच्या अंतराने तो वाढवत नेला. कमी डोसने सुरुवात केली तर पोटाचे त्रास काही प्रमाणात कमी होतात, हेही त्या चाचणीतच दिसलं. शिवाय कोणाला घ्यायचं हे ठरलेलं होतं. २०२३ च्या त्या चाचणीतले सगळे लठ्ठ होते, किंवा वजन जास्त असून त्यासोबत एखादा आजार असलेले. लग्नाआधी पाच किलो कमी करायचेत म्हणून कुणी त्यात नव्हतं.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

भारतीयांसाठी हा विषय दूरचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर फार आधीच दाखवून दिलं की भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. वजनकाट्यावर ठीक, पण पोटाचा घेर वाढलेला, हे चित्र आपल्या घराघरांत आहे. म्हणूनच आपल्याकडे लठ्ठपणा मोजायला बीएमआयची मर्यादाही कमी, म्हणजे २५ धरतात.

तेव्हा या औषधांची गरज असलेले लोक इथे भरपूर आहेत, आणि त्यांना हिणवण्याचं काहीच कारण नाही. लठ्ठपणा हा आळशीपणा नसून आजार आहे, हे याच हार्मोनच्या संशोधनाने ठळक केलंय.

चांगली गोष्ट म्हणजे मान्यता असलेली औषधं आता भारतात मिळतात. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली, म्हणजे भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. नवं औषध विकायचं किंवा विक्रीसाठी आयात करायचं तर केंद्रीय औषध नियामकाची परवानगी लागते. कुपीवर 'संशोधन' लिहिल्याने ती अट टळत नाही.

मग लोक रीलमधल्या कुपीकडे का वळतात? पैसे हे मोठं कारण. मौंजारोची सगळ्यात छोट्या डोसची एक कुपी भारतात आली तेव्हा साडेतीन हजार रुपयांना होती, आणि महिन्याला अशा चार लागतात. वर्षभर हा खर्च झेपणारी घरं किती? त्यात डॉक्टरांकडे गेल्यावर "आधी खाणं कमी करा" असं ऐकावं लागण्याची धास्ती. ही अडचण खरी आहे. पण न तपासलेली पावडर हा तिच्यावरचा उपाय नाही.

मग करायचं काय?

साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

घरी पाणी मिसळायची पावडर, लेबलवर 'संशोधनासाठी', आणि व्यवहार इन्स्टा किंवा टेलिग्रामवर, यातलं काहीही दिसलं तर लांब राहा. मान्यताप्राप्त मौंजारो किंवा वेगोवी तयार द्रवाच्या रूपात येतं. पाकिटावर उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. दुकानातून बिल घ्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर ही औषधं स्वतःहून कधीच सुरू करू नका. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालेला असेल, किंवा तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात ही औषधं नकोत. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, कारण पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

आणि समजा, तुम्ही किंवा तुमच्या मित्राने अशी कुपी आधीच वापरली असेल, तर लपवू नका. थांबत नसलेल्या उलट्या, पोटातून पाठीकडे जाणारी जोराची कळ, टोचल्यानंतर थंडी-ताप, छातीत धडधड यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालयात जा आणि कुपी सोबत न्या. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी भारत सरकारचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

शेवटी एक गोष्ट. या औषधांनी वजन घटतं, पण ती बंद केली की बहुतेकांचं वजन परत वाढतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं घटलेलं वजन दोन-तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे हा दोन महिन्यांचा 'कोर्स' नसून दीर्घकाळाचा उपचार आहे. इतकी वर्षं जे औषध अंगात घालायचं, ते कुठून येतंय आणि त्यात काय आहे हे माहीत असायलाच हवं.

रेटाट्रुटाइडला उद्या मान्यता मिळेलही, आणि मिळाली तर लाखो लोकांना त्याचा फायदा होईल. ते औषध तेव्हा तपासलेलं असेल, डोस ठरलेला असेल, आणि काही चुकलं तर जाब विचारायला कुणीतरी असेल. रीलमधल्या कुपीवर नाव तेच आहे. बाकी यातलं काहीच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कमेंटमध्ये कुणी "भावा, कुठे मिळेल?" असं विचारलं, तर त्याला हा लेख पाठवा.